राखीव अर्धा

आमच्या सरांना थंडी सोसायची नाही. हसू नका. ज्या माणसाने उमेदीची सगळी वर्षं हिमनद्यांवर तंबू ठोकून काढली, त्या माणसाला फरीदाबादच्या नोव्हेंबरात हुडहुडी भरायची. ऑफिसात टेबलाखाली हीटर, गळ्यात मफलर आणि कानटोपी थेट भुवयांपर्यंत ओढलेली. कुणी टिंगल केली की म्हणायचे, "माझी थंडीशी ओळख आहे म्हणून घाबरतो. तुमची नाही म्हणून तुम्ही पंख्याखाली बसता."

आमचं काम उणे वीसच्या खोलीत चालायचं, त्यामुळे स्वेटर बारा महिने लागत. ते घ्यायला सर दिल्लीला सरोजिनी नगरच्या बाजारात जायचे, तेही भर मे महिन्यात, कारण तेव्हा गर्दी ऊन टाळते आणि गेल्या हिवाळ्याचे गठ्ठे दुकानदार कोपऱ्यात बांधून ठेवतात. मी तिथल्याच सरकारी क्वार्टर्समध्ये वाढले. "तुला त्या लोकांशी भांडता येतं, चल," म्हणून मला ओढत न्यायचे. अर्धं आयुष्य दिल्लीत काढलेला माणूस, पण हिंदी कराडच्या स्टँडवरचीच राहिली.

"ये बाही छोटा है. हमको हाथ पूरा झाकने का है."

"बाऊजी, मई चल रही है!" दुकानदार कपाळावरचा घाम पुसत म्हणाला.

"हमारे यहाँ मई नहीं आता," सर म्हणाले आणि त्याला आणखी एक गठ्ठा सोडायला लावला. तो बिचारा माझ्याकडे बघून डोक्याशी बोट फिरवायला लागला, तर मी त्यालाच झापलं. सरांना वेडं म्हणायचा हक्क फक्त आम्हा ऑफिसातल्या लोकांना होता.

आमची संस्था दिल्लीला चिकटलेल्या फरीदाबादला, कारखान्यांच्या मधोमध. एका बाजूला नटबोल्ट बनतात, दुसऱ्या बाजूला रंग, आणि मध्ये आम्ही हिमालयातला बर्फ सांभाळत बसलेलो. हिमनदीवर दरवर्षी बर्फ पडतो, दबतो, थरावर थर बसतो. तिथे पोकळ ड्रिल उभं घालायचं आणि आतून बर्फाचा लांब दांडा काढायचा. त्याला आम्ही कोअर म्हणतो. जितकं खोल जाल तितकी जुनी वर्षं. पाऊस किती झाला, धूळ कधी उडाली, हवेत काय होतं, सगळं त्या दांड्यात असतं. सरांनी आणलेल्या कोअरमध्ये वरच्या भागात बारीक काळसर पट्टे होते. काजळीचे. सर त्या पट्ट्यांवर हातमोजा घातलेलं बोट ठेवून म्हणायचे, "हे आपण. आपली चूल, आपला ट्रक, आपली ही फरीदाबादची धुराडी. पण यात आपण किती आणि दुसरे किती, ते मला सांगता येत नाही. आजचं यंत्र तेवढं हुशार नाही." हा एकच प्रश्न त्या माणसाला आयुष्यभर चावत होता. या काजळीत दिल्लीची किती?

मी नोकरीला लागले त्या दिवशी मला त्यांनी खुर्चीसुद्धा दिली नाही. एका ग्लासात कोमट पाणी घेतलं, कापताना निघालेल्या बर्फाच्या कडेचा एक तुकडा त्यात टाकला आणि ग्लास माझ्या कानाला लावला. असल्या तुकड्यांना आम्ही चुरा म्हणायचो. "बोलू नकोस. ऐक." तडतड, तडतड आवाज यायला लागला. बर्फात दाबून बसलेली हवा सुटत होती. "तुझ्या पणजीने चूल फुंकली असेल ना, तेव्हाची हवा आहे ही," ते म्हणाले. "आत्ता तुझ्या नाकात गेली. आता कामाला लाग." लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाचं असं बारसं व्हायचं. नंतर आम्हीही तेच करायला लागलो. कुणाचं प्रमोशन झालं, कुणाला मुलगी झाली, की चुऱ्यातला एक तुकडा, एक ग्लास, आणि सगळे गप्प.

गोड माणूस होता असं समजू नका हं. भयंकर छळायचे. "मोजलंस का?" हा त्यांचा तकियाकलाम. सकाळी उशिरा पोचून "आज बदरपूरला फारच ट्रॅफिक होता यार" म्हणावं, तर "मोजलंस का?" एकदा मी तापाने फणफणत फोन केला की सर, फार ताप आहे, आज येत नाही. पलीकडून तेच. मी मोजला आणि आकडा सांगून फोन आपटला. मे-जूनमध्ये चॅनलवाल्यांचे फोन यायचे, हिमालय वितळतोय ना सर, एक बाईट द्या ना. सर विचारायचे, "कुठली हिमनदी? किती? कुठून कुठपर्यंत?" पोरं फोन ठेवून द्यायची आणि आमच्या शेजारच्या विभागातले एक गृहस्थ, ज्यांनी हिमनदी फक्त कॅलेंडरवर पाहिली होती, रात्री टीव्हीवर झळकायचे. आम्हाला वाईट वाटायचं. सरांना काही वाटत नसे, किंवा वाटत असेल तर तेही त्यांनी मोजलं नसावं.

आता मुख्य गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. कोअर लॅबमध्ये आला की लाकडाच्या वखारीत असते तसल्या करवतीने त्याचे उभे दोन भाग करायचे. एक अर्धा आपला. तो कापायचा, वितळवायचा, तपासायचा, संपवायचा. दुसरा अर्धा राखीव. त्याला हात लावायचा नाही. जगभर हीच पद्धत आहे, पण जगभर गरज पडली की राखीव अर्ध्यातून थोडंसं काढतात. सर काढू देत नसत. "तो अर्धा त्याचा आहे," म्हणायचे.

"कुणाचा सर?"

"जो अजून जन्माला यायचाय त्याचा. तो किंवा ती. आपल्याला जे दिसत नाही ते त्याला दिसणार. तो येईल आणि विचारेल, माझा वाटा कुठाय?"

ऑफिसात या न जन्मलेल्या माणसाचं नाव पडलं होतं, सरांचा जावई. सरांचं लग्नच झालेलं नव्हतं, त्यामुळे विनोदाला धार होती. "सर, जावईबापूंचं कधी येणं?" असं कँटीनमध्ये कुणी ना कुणी विचारायचंच. सर चहा ढवळत म्हणायचे, "येतील. मानपान तयार आहे."

माझ्या पीएचडीच्या वेळी माझ्या काही नमुन्यांमध्ये बाहेरची घाण शिरली आणि महिनोन्महिन्यांचं काम वाया गेलं. मी सरांकडे गेले. म्हटलं, सर, राखीव अर्ध्यातला वीतभर तुकडा द्या, तेवढ्यात भागेल. घरचे लग्नासाठी मागे लागले होते, फेलोशिप संपत आली होती, मी अक्षरशः रडत होते. सर शांतपणे म्हणाले, "नाही."

"सर, वीतभर!"

"तो आला तर त्याला काय सांगू? आमच्या मुलीला लग्नाची घाई होती म्हणून दिला?"

मी दार आपटून निघून गेले. आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. पुढे त्याच हिमनदीच्या दुसऱ्या कोअरवर मला सगळं नव्याने करावं लागलं, वर्ष गेलं. लग्न त्याही नंतर झालं आणि सर कानटोपी घालून आले, एप्रिलात. तो राग माझा कधीच पूर्ण गेला नाही. पण एक सांगते, नियम त्यांनी माझ्यासाठी मोडला नाही तसा तो स्वतःसाठीही कधी मोडला नाही. त्यांचेही नमुने बिघडले होते. तेही वर्षभर नव्याने राबले.

हा काळ्या पट्ट्यांचा कोअर दिल्लीला कसा आला तेही ऐका. वरून हमालांच्या पाठीवर, मग खेचरांवर, मग रस्ता लागला तिथून आईस्क्रीम वाहून नेणाऱ्या एका भाड्याच्या गाडीत. गाडीवर हसऱ्या गाईचं चित्र. मी तेव्हा नवीन होते, ड्रायव्हरशेजारी सरांच्या आणि माझ्यामध्ये सगळ्यांच्या बॅगा. दिल्लीच्या हद्दीवर पोलिसाने अडवलं, दिवसा मोठ्या गाड्यांना नो एन्ट्री.

"अंदर क्या है?"

"बरफ," सर म्हणाले.

"आइसक्रीम की गाड़ी में बरफ?" त्याने दार उघडायला लावलं. आत पांढऱ्या पेट्यांच्या रांगा बघून तो जरा नरमला. ऊन मी म्हणत होतं. "चलो, एक टुकड़ा दे दो, कोल्ड्रिंक में डाल लेंगे. फिर निकलो."

ड्रायव्हरने मला कोपराने ढोसलं. मी सरांकडे पाहिलं. एक तुकडा, सर! वाटेत हादऱ्यांनी तुटलेले तुकडे असतीलच की पेटीत. सरांनी गाडीचं दार लावून घेतलं आणि पायरीवर बसले. "नहीं देगा," म्हणाले. बस. दिवस कलेपर्यंत आम्ही तिथे उभे. सर तसेच बसून, एक हात गाडीच्या पत्र्यावर टेकवलेला, आतलं यंत्र चालू आहे ना ते तळव्याला जाणवावं म्हणून. डिझेल संपेल या भीतीने माझा जीव वरखाली होत होता. शेवटी त्या पोलिसाची ड्यूटी बदलली आणि दुसऱ्याने कागद बघून सोडलं.

तेव्हापासून तो बर्फ फरीदाबादचा रहिवासी. आणि फरीदाबादला वीज जाते. मागे जनरेटर होता, पण तो मेला तर? म्हणून सरांनी वीज कंपनीच्या सगळ्या लाइनमनशी मैत्री केली होती. दिवाळीला आम्हाला कधी पेढा मिळाला नाही, पण लाइनमनच्या चौकीत सर स्वतः डबे घेऊन जायचे. ते त्यांना बर्फवाले बाबूजी म्हणायचे. आमच्या भागातली वीज गेली की साहेबांच्या बंगल्याआधी आमच्या फीडरला तार जोडली जायची. एवढं व्यवहारज्ञान त्या माणसात फक्त बर्फापुरतं होतं.

मग आमच्याकडे नवे संचालक आले. वाईट माणूस म्हणता येणार नाही, आणि याचाच मला जास्त संताप येतो. कधीकाळी चांगले शास्त्रज्ञ होते म्हणे. पण यंत्राला हात लावून जमाना झाला होता. आता हात लागायचा तो फक्त फीत कापायच्या कात्रीला. एकदा मंत्रालयातली काही मंडळी लॅब बघायला आली. सरांनी सवयीप्रमाणे चुऱ्यातले तुकडे ग्लासात टाकून त्यांच्या कानाला लावले. मंडळी खूश! वाह, वाह, कितने हजार साल पुराना? सरांनी सांगितलं, हजार नाही, त्याहून पुष्कळ कमी, पण जुना. संचालक बाजूला उभे राहून ते चेहरे बघत होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सरांना बोलावलं. आमची नवी इमारत तयार होत होती, उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार होते. स्वागताच्या पेयात हाच बर्फ टाकला तर? हिमालयाचा बर्फ, शिकंजी म्हणजे इथलं लिंबू सरबत, प्रत्येक पाहुण्याच्या हातात.

"चुरा इतना नहीं है," सर म्हणाले. "और दूसरा कुछ नहीं मिलेगा."

"देख लेंगे," संचालक म्हणाले. सरांना वाटलं विषय संपला. सरांना माणसं मोजता येत नसत.

उद्घाटनाच्या सकाळी सरांना विमानतळावर पाठवलं. परदेशातून एक प्राध्यापक येणार होते, त्यांना आणायला कुणीतरी ज्येष्ठ माणूस हवा, असं सांगितलं. सर नवा सदरा घालून गेले. मी सभागृहात प्रोजेक्टरशी झगडत होते. मागच्या बाजूला, मला नंतर कळलं, देखभाल विभागाकडची दुसरी किल्ली मागवून थंड खोली उघडली गेली होती. आणि संचालकांनी, शास्त्रज्ञच ना ते, अगदी विचार करून निवड केली. उगाच काहीही उचलू नका, म्हणाले. जिन पर पेपर छप चुका है, वही पेटियाँ निकालो. ज्या थरांचा अभ्यास पूर्ण झाला, निष्कर्ष छापून आला, त्यांचा उरलेला अर्धा. काम झालेला. त्यांच्या हिशेबाने तो रिकामा झाला होता! एखाद्या शिपायाने चुकून उचलला असता तर मी समजू शकले असते. शिपायाने तसा उचललाही नसता, त्याला सरांची भीती होती. ही चूक करायला छापील पेपर मोजून मोठा झालेला माणूसच लागतो.

कार्यक्रम झाला, भाषणं झाली, फीत कापली. बाहेर हिरवळीवर ट्रे फिरायला लागले. मी लांबून पाहिलं, वाटलं, चुरा पुरवून पुरवून टाकलाय वाटतं. लोक ग्लास कानाला लावून हसत होते, फोटो काढत होते. तेवढ्यात सर त्या प्राध्यापकांना घेऊन गेटमधून आले. समोरच्या वेटरने दोघांना ग्लास दिले. सरांनी हातातला ग्लास डोळ्यांसमोर धरला.

चुरा म्हणजे वेडेवाकडे, पातळ काप. ग्लासात होते ते जाड तुकडे, एका बाजूने गोल, दुसऱ्या बाजूने करवतीने कापलेले, सपाट. एकात काळसर पट्टा. मीही तेव्हाच पाहिलं, कारण मी धावत त्यांच्यापाशी पोचले होते. मला वाटलं आता हा माणूस ओरडेल, कुणाच्या तरी अंगावर धावून जाईल. मनातून मला तेच हवं होतं. ओरडा ना सर!

सरांनी काय केलं, एका टेबलावरचा रिकामा ट्रे उचलला आणि पाहुण्यांमधून फिरून ग्लास गोळा करायला लागले. ज्याच्या हातात बर्फ दिसेल त्याच्यापुढे ट्रे धरायचे. लोकांना वाटलं, वेटर. पांढरा सदरा होताच अंगात. काहींनी घाईने उरलेलं पिऊन ग्लास ठेवला. एका बाईंनी त्यात कागदी रुमाल कोंबून दिला. सर एकेक तुकडा जमेल तेवढा वाचवायचा म्हणून पळत होते, आणि तो सगळा लिंबू-साखरेच्या पाण्यात केव्हाचा बुडालेला, कशाच्याही उपयोगाचा न राहिलेला. हे त्यांना माहीत नव्हतं? त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? मी मागे मागे, "सर, चला. सर, अहो चला ना." मुख्य पाहुण्यांनी गप्पांच्या ओघात न बघताच आपला ग्लास त्यांच्या ट्रेमध्ये ठेवला.

"एक और लाना भाई. चीनी कम."

"और नहीं है," सर म्हणाले.

"खत्म?"

"हाँ जी. खत्म."

पाहुणे हसले आणि पुन्हा गप्पांकडे वळले. संचालकांनी हे पाहिलं. त्यांचा चेहरा पडला तो सरांसाठी नाही, मुख्य पाहुण्यांना आपल्याच ज्येष्ठ शास्त्रज्ञाने नाही म्हटलं म्हणून.

पुढे मीटिंग झाली. संचालक खरोखर गोंधळलेले दिसले. म्हणाले, "लेकिन उसका एनालिसिस तो हो चुका था ना? पेपर भी आ गया था." मी उभी राहून विचारलं, तुमच्या मिसेसचे दागिने लॉकरमध्ये आहेत, त्यांचा फोटो काढून झाला की ते वितळवून टाकता का? मला खाली बसवण्यात आलं. सरांना विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "ग्लासवाला खेल मैंने ही सिखाया." मग एक समिती बसली आणि तिने ठरवलं की राखीव साठ्याबाबत पुरेशा स्पष्ट सूचना लावलेल्या नव्हत्या. जबाबदारी साठा सांभाळणाऱ्याची, म्हणजे सरांची. शाबास! घर फोडणारा सुटला आणि कुलूप नीट नव्हतं म्हणून घरमालकाला दंड. सर निवृत्त झाले तेव्हा त्यांना बर्फाच्या डोंगराच्या आकाराची काचेची ट्रॉफी दिली, पहाडगंजच्या घाऊक बाजारातून आणलेली. ती त्यांनी टेबलावरच सोडली. पुढे कित्येक महिने कुणीतरी ती दार वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली लावत होतं.

सर बदलले. आधी मला ते कळलं नाही. मी भेटायला जायचे, काहीबाही सांगायचे, आज फार गर्मी होती, मुलगा फार बिघडलाय, मराठीत बोलतच नाही. ते नुसतं "हो का" म्हणायचे. मोजलंस का, हे त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. मी मुद्दाम चुकीचे आकडे सांगून पाहिले. "हो का."

तुम्ही म्हणाल, मग पुन्हा जाऊन आणा की कोअर. गेलो होतो. मी स्वतः गेले, तीच हिमनदी, तीच जागा. माझ्या पीएचडीच्या वेळचा दुसरा कोअर याच जागेपासून जवळ काढलेला, पण त्यात ते काळे पट्टे धडपणे आलेच नव्हते, आणि आता ते कुठेच मिळणार नव्हते. वरचे थर वाहून गेले आहेत, आणि खालच्यांतून पाणी झिरपून सगळी वर्षं एकमेकांत मिसळली आहेत, वहीवर पाणी सांडून शाई फुटावी तशी. वाचण्यासारखं काही उरलेलं नाही. ज्या वर्षांचा तो बर्फ होता, ती वर्षं डोंगरावर संपली होती. ती फक्त फरीदाबादला होती, आमच्या थंड खोलीत, हसऱ्या गाईच्या गाडीतून आलेली. तिथून ती शिकंजीत गेली.

गेल्या महिन्यात मला एक ईमेल आला. आता त्या विभागाची प्रमुख मी आहे. परदेशातल्या एका विद्यापीठातली मुलगी, वयाने अगदीच लहान असावी, कारण तिने लिहिलं होतं की तुमच्या सरांचा पेपर आला तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. तिच्या प्रयोगशाळेकडे एक नवी पद्धत आहे. बर्फातली काजळी कुठून आली ते तिला वेगळं काढता येतं. जंगलाच्या आगीतली किती, शेतातल्या पेंढ्याची किती, डिझेलची किती, कुठल्या प्रदेशातली किती. हिमालयातल्या त्या पट्ट्यांवर हे कुणीच केलेलं नाही. तुमच्या पेपरात लिहिलंय की कोअरचा दुसरा अर्धा राखून ठेवलेला आहे. त्यातला थोडा मिळेल का? पुढे तिने फार नम्रपणे लिहिलं होतं की मला कल्पना आहे, तो फार मोलाचा असणार.

आमचे आत्ताचे संचालक म्हणाले, लिहून टाका, सॅम्पल विश्लेषणात संपलं. मी बरं म्हटलं आणि केबिनमधून बाहेर आले. त्या मुलीला मी खोटं लिहू? आणि खरं लिहू तर काय लिहू?

तशीच सरांच्या घरी गेले. फरीदाबादलाच तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. दार त्यांनीच उघडलं. भर दुपारी अंगात स्वेटर होताच. मला बसवलं, चहा केला, त्यात आलं जास्त पडलं म्हणून स्वतःवरच चिडले. मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून ईमेल सावकाश वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. मला वाटलं, उगाच आणला, या वयात कशाला दाखवला.

"मुलगी आहे," ते म्हणाले.

"हो सर."

"हुशार आहे. प्रश्न बरोबर विचारलाय." त्यांनी फोन परत दिला. "यंत्र कसं आहे तिचं? किती बर्फ लागतो तिला?"

ते खाली लिहिलं होतं, मी वाचून दाखवलं. पद्धत फार बारीक आहे, त्यामुळे फारसा लागत नाही, अंगठ्याएवढा तुकडा पुरेल.

बाहेर भाजीवाला ओरडत होता. सरांनी आपला उजवा हात वर करून अंगठ्याकडे पाहिलं, नखापासून खाली, त्याची लांबी डोळ्यांनी घेत असल्यासारखं. मग तो अंगठा माझ्यापुढे धरला.

"एकेका ग्लासात तसले तीन-तीन टाकले होते गं."